बोटीच्या तळाचा निळा रंग : काढावा की ठेवावा?

2023 च्या मार्चमध्ये मी मांडव्याहून एक जुनी, 18 फुटी फायबरची बोट विकत घेतली आणि ट्रकवर घालून जयगडच्या खाडीकाठी आमच्या वाडीत आणली. आधीच्या मालकाकडे ती पावसाळा सोडला तर सदैव पाण्यातच नांगरलेली असे, त्यामुळे दर वर्षी तिच्या तळाला अँटिफाउलिंगचा, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा, निळा रंग चढत गेला होता. माझा बेत अगदी निराळा होता. बोट घराशेजारच्या शेडमध्ये ट्रेलरवर ठेवायची, शनिवार-रविवारी खाडीत उतरवायची आणि संध्याकाळी पुन्हा वर काढायची. खरे सांगायचे तर तो निळा रंग शोभेचा आहे, अशीच घेताना माझी समजूत होती. ट्रकवरून बोट उतरवताना आधार देणाऱ्या चौघांचेही तळवे निळे झाले, तेव्हा कुठे मी चौकशीला लागलो.

या रंगात बहुधा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे संयुग असते. ते पाण्यात हळूहळू विरघळत राहते आणि तळाला चिकटू पाहणाऱ्या शेवाळाला व बार्नेकलच्या (कवचधारी चिकट जिवांच्या) पिल्लांना तेथे थारा मिळत नाही. यात मुख्यतः दोन प्रकार येतात : एक कठीण, जो जागच्या जागी राहून आतले तांबे सोडतो, आणि दुसरा मऊ, जो साबणाच्या वडीसारखा वरून झिजत जातो. दोन्ही पाण्यात राहण्यासाठीच केलेले असतात. हवेवर फार काळ वाळले की अनेक रंगांचा वरचा थर निकामी होतो आणि दर खेपेला पाण्यात जाण्यापूर्वी तो घासून ताजा करावा लागतो. ओले फडके तळावर फिरवल्याबरोबर निळे झाले, त्यावरून माझा वरचा थर मऊ प्रकारातला असल्याचे कळले.

निर्णय मात्र मी लगेच घेतला नाही, कारण रंग तसाच ठेवावा असे सांगणारेही भेटले आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. रंग देताना पकड यावी म्हणून खालचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत बाहेरचा थर, आधीच खरवडलेला असतो, त्यामुळे रंग काढला तरी कारखान्यातून आल्यासारखा गुळगुळीत तळ मिळेल ही आशा व्यर्थ होती. उद्या बोट विकायची झाली आणि घेणारा ती पाण्यात ठेवणारा निघाला, तर त्याला हा रंग पुन्हा लावावाच लागणार होता. शेजारच्या वाडीत एक वयस्क काका आहेत, ज्यांची हयात तांडेलकीत गेली. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, “भाऊ, ही रात्री पाण्यात राहणार की दारात?” मी “दारात” म्हणालो. “मग हे विष अंगावर कशाला वागवता?” असे म्हणून ते चुना मळू लागले.

माझ्या बाबतीत आणखी दोन कारणे होती. ट्रेलरच्या आधारफळ्यांवरील गालिच्याला रंगाचे पापुद्रे चिकटून निघत होते आणि तळ खवल्याखवल्यांचा झाला होता. नखाने एक कड उचलली, तर कांद्यासारखे सात थर मोजता आले. शिवाय आधीच्या कोणीतरी हाच तांब्याचा रंग आउटबोर्ड (बोटीमागे टांगलेल्या) इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या पायालाही फासला होता. तो पाय ॲल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि तेथे ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे पडलेले स्पष्ट दिसत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी कामाला लागलो आणि पहिल्याच दिवशी चूक केली. घरच्या ग्राइंडरला 40 नंबरची चकती लावून मी रंगावर धरली. रंग भराभरा उडाला, परंतु हात जरा रेंगाळला आणि तळहाताएवढ्या जागेत जेलकोटही जाऊन खालचे काचतंतू उघडे पडले. त्याहून वाईट म्हणजे निळी धूळ शेडभर पसरली. वाऱ्याची दिशा खाडीकडे होती आणि भरती उतरली की आमच्या बायका खाली खडकांवर कालवे काढतात. जुन्या काळी या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग वापरीत. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात त्याने कालवांची पैदासच बिघडवली. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली आणि पुढे 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो 2008 मध्ये अमलात आला, ते जगभर हद्दपार केले. माझ्या बोटीचे खालचे थर कशाचे आहेत हे सांगणारी एकही पावती नव्हती, म्हणून ते सर्वांत वाईट रंगाचेच आहेत असे धरून मी ग्राइंडर गुंडाळून ठेवला.

नंतरचे काम सावकाश आणि ओले झाले. खाली दोन ताडपत्र्या अंथरल्या, कडांना वाळूच्या पिशव्या ठेवल्या, तोंडाला फिल्टरचा मास्क आणि हातात रबरी मोजे चढवले. रंगाच्या दुकानात मिळणारे लोखंडी ग्रिलचे रिमूव्हर जेलकोटही मऊ करू शकते, म्हणून फायबरला चालणारे रिमूव्हर मुद्दाम मागवले आणि आधी वीतभर जागेत लावून पाहिले. एप्रिलच्या उन्हात ते दहा मिनिटांत सुकून जाई; तेव्हा सकाळी सहाला जाड थर फासायचा, वर प्लास्टिक चिकटवायचे आणि आठच्या सुमारास पुट्टीच्या पत्र्याने ओढायचे, असा क्रम बसला. पत्र्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घेतले होते. टोकदार कोपऱ्याने चर पडतात. एका दमात दोन-तीन थर निघत आणि ओला निळा चिखल पत्र्यावरून खरवसासारखा घसरे. उरलेले डाग 80 नंबरच्या आणि मग 220 च्या वॉटर पेपरने पाणी मारत काढले. आधारफळ्यांखालची जागा मात्र बोट उचलल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी कण्याखाली आणि ट्रान्समखाली, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट फळीखाली, नारळाचे ओंडके व टायर रचून ट्रेलर पुढे काढला. केवळ जॅकवर टेकलेल्या बोटीखाली मी एकदाही शिरलो नाही. सोळा सकाळी गेल्या आणि 14 किलो गाळ निघाला. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या एका बोटबांधणी यार्डाने तो पोत्यांत बांधून देण्याच्या अटीवर स्वीकारला.

रंग गेल्यावर मसुराएवढे फोड दिसू लागले, एकूण तीस-पस्तीस. एक टोचला, तर चिकट पाणी उडाले आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या फायबरमध्ये पाणी मुरले की आतल्या राळेतून असे द्राव तयार होतात. फोड उघडून गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुतले, पण भरण्यापूर्वी तळ पूर्ण वाळणे आवश्यक होते आणि तेवढ्यात मे संपत आला. कोकणातल्या पावसाळ्यात मीठसुद्धा वाळत नाही, तेथे फायबर काय वाळणार! मी बोट उघड्या तळानिशी तशीच शाकारून ठेवली. नोव्हेंबरात प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला, त्याच्या आत दव धरेनासे झाले, तेव्हा फोडांत इपॉक्सीची पुट्टी भरली. ग्राइंडरने केलेल्या जखमेवर आधी काचकापडाचे दोन तुकडे बसवले. तळ इतका खरवडलेला असताना नुसते पॉलिश करण्यात अर्थ नव्हता, म्हणून संपूर्ण तळाला दोन भागांच्या इपॉक्सीचे चार हात दिले आणि इपॉक्सी उन्हाने पिठूळ होते म्हणून त्यावर पांढऱ्या पॉलियुरेथेनचे दोन. सगळा मिळून 31,000 रुपये खर्च आला, माझी मजुरी सोडून.

डिसेंबरात बोट पाण्यात गेली. त्याच इंजिनावर आणि तेवढ्याच माणसांनिशी पूर्वी जीपीएसवर 21 नॉट (ताशी सागरी मैल) वेग दिसे, आता 23 दिसला. त्यातला थोडा वाटा इंजिनाच्या साफसफाईचाही असावा. वाडीतल्या एका मित्राची बोट मात्र ऑक्टोबर ते मे जेटीलाच बांधलेली असते. माझे पाहून तोही रंग काढायला निघाला होता, त्याला मी परावृत्त केले आणि फक्त सुटलेले थर घासून नवा रंग लावायला लावला.

मला एकदा ट्रेलरचे बेअरिंग गेल्यामुळे बोट दहा दिवस खाडीतच ठेवावी लागली. चौथ्या दिवशी तळाला हाताला लागेल असा बुळबुळीत थर धरला होता आणि दहाव्या दिवशी कण्याच्या कडेला खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसू लागले. बोट वर काढताच, ते वाळण्यापूर्वी, नारळाच्या ओल्या सोडणाने घासून विहिरीच्या पाण्याने धुतले आणि अर्ध्या तासात सगळे निघून गेले. शेडच्या कोब्यावर पहिल्या दिवशीच्या निळ्या धुळीचा डाग अजून आहे; तो तेवढा कशानेच निघाला नाही.