पीई गुणोत्तर तपासताना : माझा अनुभव

एका रसायन कंपनीचे शेअर घ्यावेत की नाही, हे ठरवताना मी पीई गुणोत्तरापासून सुरुवात केली. शेअरचा बाजारभाव भागिले प्रति शेअर मिळकत, एवढेच ते गणित. भाव होता 480 आणि मागील चार तिमाहींची मिळून मिळकत 40, म्हणजे पीई 12. त्याच व्यवसायातील इतर कंपन्यांचे शेअर 20 पटीच्या आसपास असल्यामुळे हा शेअर सकृद्दर्शनी स्वस्त वाटत होता. मात्र भाव सर्वांनाच दिसतो. खरी परीक्षा छेदाची, म्हणजे मिळकतीच्या आकड्याची असते, म्हणून मी एकत्रित आर्थिक निकाल आणि त्याखालच्या टिपा वाचायला घेतल्या.

नफा-तोटा पत्रकात ‘अपवादात्मक बाबी’ या शीर्षकाखाली एक मोठी रक्कम होती. संबंधित टिपेत खुलासा होता, की हा जुन्या कारखान्याची जमीन विकून झालेला फायदा आहे. कर वजा जाता प्रति शेअर 14 इतकी मिळकत या एका व्यवहारातून आली होती. जमीन काही दरवर्षी विकता येत नाही, तेव्हा ती रक्कम बाजूला काढली. उरले 26 आणि पीई झाला साधारण 18.5. पुढच्याच एका टिपेत परिवर्तनीय कर्जरोख्यांचा उल्लेख सापडला. त्यांचे शेअरमध्ये रूपांतर झाल्यावर शेअरची संख्या एक दशांशाने वाढणार होती. रूपांतरामुळे कंपनीचे वाचणारे व्याज किरकोळ असल्याने ते सोडून हिशेब केला, तर मिळकत 23.6 आणि पीई 20 च्या किंचित वर. भाव जागचा हलला नव्हता, तरी 12 पटीचा शेअर इतरांच्या रांगेत जाऊन बसला.

त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता. रसायनांच्या किमती चक्राप्रमाणे वरखाली होतात, आणि अशा व्यवसायात नफा शिखरावर असताना पीई नेमका कमी दिसतो, तर नफा तळाला गेल्यावर तो अवाच्या सवा वाढतो. 2009 मध्ये अमेरिकेच्या एस अँड पी 500 निर्देशांकाचा मागील वर्षाच्या मिळकतीवरील पीई 100 च्याही वर गेला होता; शेअर बाजार कोसळलेला असूनही, कारण कंपन्यांचा नफा त्याहून अधिक कोसळला होता. म्हणून मी अनेक वर्षांच्या मिळकतीची सरासरी काढली. ती 16 आली, म्हणजे पीई 30. ही सरासरी जशीच्या तशी धरणे वाढत्या कंपनीवर अन्याय करणारे ठरते, कारण जुन्या वर्षांत तिची उत्पादनक्षमताच कमी होती. खरे उत्तर माझ्या मते 20 आणि 30 यांच्या दरम्यान कुठेतरी होते. विश्लेषकांच्या पुढील वर्षाच्या अंदाजांवर बेतलेला पीईही पाहिला, पण रसायनांच्या चालू किमती तशाच टिकतील हे त्यात गृहीत असल्याने त्याला फारसे महत्त्व दिले नाही.

ताळेबंदावरही नजर टाकली. या कंपनीवर बरेच कर्ज होते, तर तुलनेतील दोन कंपन्या जवळपास कर्जमुक्त होत्या. पीईमध्ये कर्जाचा बोजा थेट दिसत नाही, त्यामुळे समान पीई असला तरी जोखीम समान नव्हती. अशा कंपनीसाठी 23.6 च्या मिळकतीवर 15 पटीहून अधिक मोजण्याची माझी तयारी नव्हती, आणि तो भाव 354 येतो. मी शेअर घेतले नाहीत. पुढच्या तिमाहीचे निकाल आले, की सर्वांत जुनी तिमाही वगळून हाच हिशेब पुन्हा करणार आहे.