तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘हिप हिप’ का म्हणत नाही

पालकसभा संपली की कुणीतरी मोबाइल पुढे करतं. “बाई, हे वाचलंत का?” वाचलेलं असतं. ‘हिप हिप हुर्रे’तलं ‘हिप’ म्हणजे मुळात ‘हेप’. ती म्हणे ‘हिएरोसोलिमा एस्ट पेर्डिटा’ या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, अर्थ ‘जेरुसलेम पडलं’. जेरुसलेम जिंकायला धर्मयुद्धाला निघालेले युरोपातले ख्रिस्ती लोक ज्यूंना मारताना ही आरोळी ठोकायचे, आणि आपण भाबडेपणाने तीच पोरांकडून म्हणवून घेतो. मी इंग्रजी शिकवते म्हणून हे खरं का ते मला विचारतात. मी सांगते, खरं नाही. मग लगेच दुसरा प्रश्न येतो. “खरं नाही, तर तुम्ही का म्हणत नाही? क्रीडादिनाला माइक तुमच्याकडे असतो आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही तो दुसऱ्याच्या हातात देता.”

हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ‘हुर्रे’. त्याच्या आधी इंग्रज ‘हझा’ ओरडायचे. १५७० च्या दशकापासून ही आरोळी लिहिलेली सापडते, आणि पुढच्या दोन शतकांतले लेखक तिला खलाशांची आरोळी म्हणतात. शीड वर ओढताना सगळ्यांनी मिळून द्यायच्या हाकेशी तिचं नातं जोडलं जातं. तिचा उच्चार ‘हझे’ असाही होता. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने १७३४ साली एका कवितेत ‘आउटवेज’ या शब्दाशी तिचं यमक जुळवलं आहे, त्यावरून ते कळतं. ‘हझा’चंच बदललेलं रूप मानला जाणारा ‘हुर्रा’ दिसायला लागतो तो १६८० च्या दशकात, आणि जर्मन, डॅनिश, स्वीडिश या भाषांतही तसाच आवाज आहे. नेपोलियनविरुद्धच्या १८१३ च्या लढायांत प्रशियन सैनिक तो देत होते. आपला ‘हुर्रे’ त्याचंच एक रूप.

‘हुर्रे’ हा ‘हर हर महादेव’वरून आला, असंही मला आग्रहाने सांगितलं जातं. एका गृहस्थांनी तर रायगडचाच दाखला दिला. १६७४ च्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, त्याने गर्जना ऐकली, आणि दहा-बारा वर्षांत इंग्रजीत ‘हुर्रा’ उगवला. तारखा बसतात, पण ‘हझा’ त्याच्याही शंभर वर्षं आधीची. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली, तिचं जहाज सुरतेला लागलं १६०८ साली; म्हणजे ‘हझा’ त्याच्याही आधीची. महाराजांचं मोठेपण सांगायला इंग्रजांची आरोळी उसनी आणायची गरज नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते रागावले. रागावू देत.

आता ‘हिप’. पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी, १०९६ साली, ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स, माइन्त्स या शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या हे खरं आहे. पण त्या काळच्या कुठल्याही वृत्तांतात ‘हेप’ ही आरोळी नाही. लॅटिन आद्याक्षरांची ही गोष्ट पुढे आली ती १८१९ च्या सुमारास. त्या वर्षी २ ऑगस्टला जर्मनीच्या बव्हेरियातल्या व्युर्झबुर्गमध्ये दंगल पेटली. ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत की नाहीत यावर तेव्हा तिथे वाद चालू होता. जमाव ‘हेप हेप’ ओरडत ज्यूंची दुकानं फोडत फिरला, माणसं मेली, शेकडो ज्यू शहर सोडून आसपासच्या खेड्यांत पळाले. तिथून ते लोण फ्रँकफुर्ट, हँबुर्ग आणि थेट कोपनहेगनपर्यंत गेलं. इतिहासात त्या दंगलींचं नावच ‘हेप-हेप दंगली’ असं आहे. त्या भागात शेळ्या हाकताना ‘हेप’ म्हणत, असा त्याचा एक उलगडा दिला जातो. इंग्रजीतलं ‘हिप’ ही लांबच्या माणसाचं लक्ष वेधून घ्यायची हाक, आणि ती या दंगलींच्या आधीपासून वापरात होती. शब्दकोश या दोन हाका शेजारी ठेवतात, पण इंग्रजी ‘हिप’ त्या दंगलींतून आलेलं नाही.

मोबाइल पुढे करणाऱ्याला मी एवढंच सांगत आले. आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

आमच्या वर्गात अलिबागच्या इस्रायल आळीतला एक मुलगा होता. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत त्यांच्यातला. वर्गाचा मॉनिटर तो, आवाज खणखणीत, आणि कबड्डीची मॅच जिंकली की ‘हिप हिप’ म्हणायचा मान त्याचा. शाळा संपल्यावर ते कुटुंब इस्रायलला गेलं. काही वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन आला. तिला नवगावचं स्मारक दाखवायचं होतं, फुटलेल्या गलबतातून त्याचे पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले असं मानतात ते. वहिनी जर्मन ज्यू घराण्यातल्या. मराठी येत नव्हतं, पण घावन मागून खाल्लं आणि आमच्या सगळ्यांची नावं दोन दिवसांत पाठ केली.

जुने विद्यार्थी शाळेच्या हॉलमध्ये जमलो होतो. आमचे पीटीचे सर आले होते, काठी टेकत. भाषणं झाली, नारळ-शाल झाली, आणि सर उठले. “आपल्या पाहुण्यांसाठी थ्री चिअर्स! हिप हिप...” आम्ही साठीतली माणसं दहावीतल्यासारखी ओरडलो. पहिल्या ‘हुर्रे’ला वहिनींनी नवऱ्याचं मनगट धरलं. मला वाटलं, आवाजाने दचकल्या. सरांनी दुसऱ्यांदा ‘हिप हिप’ म्हटलं तशा त्या उठल्या, शाल खुर्चीवरच राहिली, आणि त्या व्हरांड्यात गेल्या. आमचा मित्र बसून राहिला. मान खाली होती, पण तिसरा ‘हुर्रे’ त्याने आमच्याबरोबर पूर्ण केला. मी त्याच्या शेजारीच होते, त्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मी बाहेर गेले. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “हे तुम्ही लहानपणापासून म्हणता?” मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं, त्यांचं आजोळ व्युर्झबुर्गजवळच्या खेड्यातलं. घरात कुणी खेळता खेळता ‘हेप’ म्हटलं तर आजी हातातलं काम टाकून यायची आणि पोराच्या तोंडावर हात ठेवायची. तिला ते तिच्या आजीकडून मिळालं होतं. रस्त्यावर मुलं मागून तेवढंच ओरडली की खिडक्या लावून घ्यायच्या, हे त्या घरात शिकवलं जायचं.

मी लगेच सांगायला लागले. लॅटिनची गोष्ट खोटी आहे, इंग्रजी ‘हिप’ वेगळं आहे, ‘हुर्रे’ खलाशांचा आहे. वर लिहिलंय ते सगळं, त्याच क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, “माझ्या आजीला लॅटिन येत नव्हतं.”

त्या वेळी व्युत्पत्ती सांगायची गरज होती का, असं माझ्या मैत्रिणी विचारतात. होती. त्यांना कुणी तरी खोटी गोष्ट सांगून आणखी घाबरवलं असेल, तर निदान तेवढं ओझं उतरावं असं मला वाटलं, आणि आजही वाटतं. जे घडलं त्याच्यावर न घडलेल्याची भर नको. ती दहशत सांगायला आद्याक्षरांची दंतकथा लागत नाही. १८१९ साल पुरेसं आहे.

पण त्याच्या बऱ्याच आधी शाळेच्या वार्षिक अंकात मी एक लेख लिहिला होता. आनंदाच्या आरोळीला अर्थ नसतो, म्हणून ती निर्मळ असते, असं त्यात म्हटलं होतं. त्या लेखाशी माझं आता पटत नाही. व्युर्झबुर्गच्या ‘हेप’लाही अर्थ नव्हता. अर्थ नसलेला शब्द जमावाला सोयीचा पडतो. त्याचा जाब देता येत नाही, तो कुणालाही पाठ होतो, आणि शंभर तोंडांतून निघाला की म्हणणारा एकटा राहत नाही. आमच्या हॉलमध्येही तेच झालं, फक्त आमच्या मनात माया होती. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती माया कशी ऐकू यावी?

तो लेख लिहिणारी मी यावर उलट विचारते, मग आमच्या मित्राचं काय? त्याच्या वाडवडलांना या किनाऱ्यावर शेजाऱ्यांकडून असलं काही सोसावं लागलं नाही. ज्यू असून त्याला ‘हिप हिप’ बेधडक म्हणता आलं, सगळ्या वर्गाने त्याच्या मागे ‘हुर्रे’ केलं, हे आपल्या कोकणाचं चांगलंच आहे ना? निघताना स्टँडवर तो मला म्हणाला, “तू मनाला लावून घेऊ नकोस गं. ते माझं लहानपण आहे.” त्याच्या लहानपणावर मी बंदी कशी घालू? आणि त्याच्याच घरात, त्याच्या बायकोच्या कानात, त्याच आवाजाला आजीचा हात चिकटलेला आहे. दोघंही खरं बोलतात. यातून मला वाट सापडलेली नाही.

काही पालकांना वाटतं मी मुलांचा आनंद हिरावते. मी कुणाला थांबवलेलं नाही. काहींना वाटतं, माहीत असून मी मुलांना थांबवत नाही म्हणजे मला काही वाटत नाही. त्यांनी हे पुन्हा पहिल्यापासून वाचावं. दहावीच्या वर्गाला मी १८१९ सांगते, ‘हझा’ सांगते, आणि ती मोबाइलवरची गोष्ट का खोटी तेही सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “बाई, मग आम्ही म्हणायचं का?” मी तिला म्हटलं, तूच ठरव. हे उत्तर तिला आवडलं नाही, आणि शिक्षिका म्हणून मलाही ते अपुरं वाटतं.

यंदाचा क्रीडादिन डिसेंबरात आहे. पीटीचे नवे सर ‘हिप हिप’ म्हणतील, मुलं ‘हुर्रे’ म्हणतील. मी मैदानावर असेन, टाळ्या वाजवेन. माइक मी घेणार नाही.