पेन्सिलीनं लिहिलेलं इंग्लिश

माझ्या नववीत एक पोरगं आहे, इंग्लिशचा धडा असा घडाघडा वाचायचं की आठवीपासून मी त्याचं कौतुक करत आले. (आमची शाळा मराठी मीडियमची, कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, निम्मी पोरं बसनं येतात.) जुलैत एकदा त्याचं पुस्तक घरी राहिलं म्हणून मी माझं दिलं, तर तिसऱ्याच ओळीत गाडी थांबली. मला वाटलं दिसत नसेल, चष्मा लागलाय का विचारलं. तर म्हणतो, "नाही टीचर, ह्यात वर लिवलेलं नाही की."

दुसऱ्या दिवशी त्याचं पुस्तक मागून घेतलं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं देवनागरी, 'दे वेअर प्लेइंग', 'नॉलेज', सगळं ताईकडून लिहून घेतलेलं. म्हणजे पोरगं इंग्लिश वाचतच नव्हतं, मराठी वाचत होतं, आणि मी त्याला फ्लुएंट म्हणत होते! मग सगळ्यांची पुस्तकं चाळली, अर्ध्याहून जास्त तशीच.

त्यांना तरी काय बोलणार. मराठी जसं बोलतो तसं लिहितो, कन्नडचंही जवळपास तेच, आणि मग हे इंग्लिश. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं थ्रू, रफ, कॉफ आणि दो मधे चार तऱ्हेनं वाचायची. कुणी का विचारलं तर माझ्याकडं उत्तर नसतं, "असंच असतंय बाबा" म्हणते.

सगळं खोडायला लावलं नाही, लावलं असतं तर वाचणंच बंद झालं असतं. पानाला फक्त पाच शब्दांवर पेन्सिल चालेल असा नियम केला. धड्यात काय आहे ते आधी मराठीत सांगते, मग मी दोनदा वाचते, ती बोट ठेवून ऐकतात, मग त्यांची पाळी. पोर्शन मागं पडतोय, पडू दे.

बोलण्याचं तर विचारूच नका. एसएसएलसी म्हणजे इकडची दहावीची बोर्डाची परीक्षा, त्यात इंग्लिश आमच्याकडं सेकंड लँग्वेज, १०० मार्क, ८० लेखी आणि २० इंटर्नल. लेखी पेपरात तोंड कोण उघडायला लावणार? त्यामुळं दहावीत नुसतं लेटर, प्रोफाइल, क्लूजवरून स्टोरी, हेच घोटून घ्यायचं, मीपण तेच केलंय इतकी वर्षं. आणि ४० मिनिटांच्या तासात ४८ पोरं, एकेकाला उभं केलं तर मिनिटसुद्धा मिळत नाही. म्हणून आता जोड्या. गलका होतो, शेजारच्या वर्गातले सर दोनदा दारात येऊन बघून गेले.

विषयपण बदलला. 'माय एम इन लाइफ' दिलं की सगळा वर्ग डॉक्टर. परवा म्हटलं रविवारी शेतात काय केलं ते सांगा. एक मुलगी, जी हजेरीला 'प्रेझेंट'सुद्धा धड ऐकू येईल असं म्हणत नाही, ती रताळी लावायचं सांगायला लागली. "फर्स्ट वी वेल कट." वेलाला व्हाइन म्हणायचं मी सांगितलं, तर पुढं, "देन वी व्हाइन इन वरंबा पुट." पोरं हसली, ती थांबली नाही, पाऊस, चिखल, आजीचं ओरडणं, सगळं आलं. वरंब्याला इंग्लिशमधे काय म्हणतात ते मला मोबाइलवर बघावं लागलं. रिज.

तेच तिला वहीत लिहायला सांगितलं, आली पाच वाक्यं, सगळीकडं क्रियापद शेवटाला. मराठीत शेवटाला, कन्नडमधेही शेवटाला, मग बिचारी पोरगी 'पुट' आधी कुठून आणणार? पण हीच पोरं बसमधे कंडक्टरला कन्नडमधे "एष्ट री?" म्हणजे किती हो, असं विचारतात, स्टॉप आला की "निल्सरी", थांबवा, ओरडतात, ते कुठल्या ग्रामरच्या वहीतून आलं? कानावर पडून आलंय. म्हणून तिची वाक्यं लाल पेननं चिरफाडली नाहीत, फळ्यावर 'वी पुट द व्हाइन' लिहिलं आणि जोडीजोडीनं दहादा म्हणून घेतलं, कोण वेल लावतंय, कोण भात, कोण मिरची.

पेन्सिलवाल्या पोराचं पुस्तक काल परत बघितलं. नवीन धड्याच्या पहिल्या पानावर सात शब्दांवर पेन्सिल होती. म्हटलं पाच ठरलं होतं ना रे. "दोन ताईनं लिवलेत टीचर, मला येतात ते," म्हणाला आणि खोडरबर शोधायला लागला.