जास्तच चांगला चालणारा जनरेटर

आमच्या बोटीवरचा दोन नंबरचा जनरेटर ओव्हरहॉलनंतर असा काही चालायला लागला, की कंट्रोल रूममध्ये येईल त्याला मी त्याचे आकडे दाखवत सुटलो होतो. एक्झॉस्टची तापमानं वीसेक अंशांनी उतरली होती. फनेलमधून, म्हणजे बोटीच्या धुराड्यातून दिसणारा काळसर धूर गेला होता. तेलाचा खप किलोवॉट-तासामागे २१२ ग्रॅमवरून २०९ वर आला होता. कंपनीच्या ऑफिसातून चीफ इंजिनिअरला शाबासकीची मेल आली, ती त्यांनी मला पुढे पाठवली. मी तेव्हा सेकंड इंजिनिअर होतो. जनरेटर तीन साबच्या, म्हणजे थर्ड इंजिनिअरच्या ताब्यात असला तरी कामाखाली सही माझी होती.

महिन्याभराने वार्षिक सर्व्हे, म्हणजे सर्टिफिकेटसाठीची बोटीची तपासणी आली. सर्व्हेअर पन्नाशीचे, कमी बोलणारे, स्वतःची विजेरी बरोबर बाळगणारे. कागद बघून झाल्यावर त्यांनी जनरेटरचे परफॉर्मन्सचे आकडे मागितले. मी अभिमानाने दोन नंबरचा कागद वर ठेवला. त्यांनी तो एक आणि तीन नंबरच्या कागदांशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे इंजिन फारच छान चाललंय," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"टेक्निकल फाइल आणा. आणि इंजिनातले बदल लिहायचं रेकॉर्ड बुक."

टेक्निकल फाइल म्हणजे इंजिनाची जन्मपत्रिका. कुठलं नोझल (तेल फवारणारी तोटी), कुठला प्लंजर (तेलाच्या पंपातला दट्ट्या), कुठला कॅम, कुठला टर्बोचार्जर, प्रत्येकावर कोरलेला नंबर कोणता आणि इंजेक्शनचं टायमिंग, म्हणजे तेल फवारायची वेळ, कुठून कुठवर चालेल, हे सगळं तीत असतं. १३० किलोवॉटच्या वरच्या बोटींवरच्या डिझेल इंजिनांना मार्पोलच्या, म्हणजे जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सहाव्या परिशिष्टाचा तेरावा नियम लागतो, आणि आमच्या ७२० आरपीएमच्या इंजिनाला त्यातली टियर दोनची (दुसऱ्या टप्प्याची) मर्यादा किलोवॉट-तासामागे साधारण ९.७ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची. ही मोजणी कारखान्यातल्या टेस्ट बेडवर होते, वेगवेगळ्या लोडवर, आणि त्यांची सरासरी काढली जाते. पुढे बोटीवर सहसा कुणी धूर मोजत नाही. इंजिन टेस्ट बेडवर होतं तसंच आहे ना, एवढंच तपासतात. म्हणून नोझलवरचा तो बारीक नंबर महत्त्वाचा.

आमच्या नोझलवर तो नव्हता. ऑफिसने दुसऱ्या पुरवठादाराकडून 'अगदी तशीच' म्हणून पाठवलेली ती नोझल्स होती. भोकांची संख्या तीच, चाचणी पंपावर फवारा सुरेख. आणि टायमिंग? ओव्हरहॉलच्या वेळी एक्झॉस्ट गरम वाटतंय म्हणून तीन साबने विचारलं होतं, "सर, टॅपेट जरा वर घेऊ?" मी म्हणालो होतो, "घे थोडं." (टॅपेट म्हणजे कॅमवर बसून प्लंजर ढकलणारा भाग; तो वर घेतला की तेल लवकर फवारलं जातं.) ते 'थोडं' शाफ्टच्या फिरण्याचे अडीच अंश निघालं. फाइलमधल्या मर्यादेच्या दीड अंश पुढे. पीक प्रेशर, म्हणजे सिलिंडरमधला सर्वांत जास्त दाब, चौदा बारने वाढलेलं. इंजिन ते सहज सोसत होतं, म्हणून आम्हाला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

रेकॉर्ड बुकात या कशाचीच नोंद नव्हती. तीन साबने त्याही वेळी विचारलं होतं. "नंतर लिहू," हेही मीच म्हणालो होतो.

सर्व्हेअर खाली इंजिनापाशी उभे राहिले, तेव्हा तीन साबने धीर करून विचारलं, "सर, आपण तर कमी सल्फरचं तेल जाळतो. मग प्रदूषण वाढेल कसं?" प्रश्न भाबडा वाटेल, पण बोटीवर निम्मे लोक असंच समजतात. सल्फर तेलातून येतो, तेल बदललं की कमी होतो. नायट्रोजन मात्र हवेतलाच. सिलिंडरमध्ये ज्वाला साधारण सोळाशे अंश सेल्सिअसच्या वर गेली, की एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा तो नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो, आणि त्यापुढे तापमान चढेल तसं हे प्रमाण झपाट्याने वाढतं. तेल लवकर फवारलं की पिस्टन वर येत असतानाच जास्त तेल पेटतं. दाब वाढतो, ज्वाला तापते. तेल वाचतं, काजळी जाते, एक्झॉस्ट थंड होतं. आम्ही ज्या ज्या गोष्टीवर खूश होतो, ती प्रत्येक गोष्ट ज्वाला जास्त तापल्याची खूण होती.

नव्या, टियर तीनच्या बोटींवर धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरिया फवारणारा कॅटॅलिस्ट असतो, नाहीतर एक्झॉस्टचा काही भाग परत सिलिंडरकडे फिरवतात. तिथे निदान बोटाने दाखवता येईल अशी एक पेटी असते. (पुढे मी अशा बोटीवर गेलो. कमी लोडवर एक्झॉस्ट थंड पडायचं आणि युरियाचे पांढरे खडे नोझलच्या तोंडाशी साचायचे. ते खरवडण्यात माझे किती रविवार गेले ते वेगळंच.) आमच्या बोटीवर तशी पेटी नव्हती. उशिरा ठेवलेलं टायमिंग हेच आमचं नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचं यंत्र, आणि ते आम्ही पाना घेऊन काढून टाकलं होतं.

"बोट सुटायच्या आत पूर्ववत करा, मी संध्याकाळी परत येतो," सर्व्हेअर म्हणाले. "नाहीतर सर्टिफिकेटवर माझा शिक्का नाही."

जुनी नोझल्स स्टोअरमध्ये एका डब्यात तेल लावून ठेवलेली सापडली. ती फेकायची नाहीत एवढं शहाणपण तीन साबने दाखवलं होतं, मी नव्हे. सहाच्या सहा पंपावर तपासली. एक ठिबकत होतं, ते घासून बसवलं. मग स्टार्टिंग एअर (इंजिन सुरू करणारी दाबाची हवा) बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवत एकेका युनिटचा प्लंजरवरचा रेघोटा पंपाच्या खिडकीत जुळवायचा, टॅपेट खाली घ्यायचा, लॉकनट आवळायचा, पुन्हा फिरवून बघायचं. चार नंबरचा लॉकनट आवळताना दोनदा सरकला. जेवण खालीच झालं.

पाचच्या सुमारास लोड दिला. पीक प्रेशर चौदा बारने खाली, एक्झॉस्ट पुन्हा वर, खप २१२ च्या आसपास. सर्व्हेअरनी आकडे पाहिले, नोझलचे नंबर फाइलशी ताडले, रेकॉर्ड बुकातली माझी ताजी नोंद वाचली आणि शिक्का मारला. जाताना तीन साबशी हात मिळवला. माझ्याकडे नुसतं बघितलं.

आठवड्याने ऑफिसची मेल आली: दोन नंबर जनरेटरचा खप अचानक वाढला आहे, कारण कळवावे.

चीफनी ती मला पुढे पाठवली. वर एकच ओळ लिहिली होती, "शाबासकी तुलाच दिली होती, आता उत्तरही तूच लिही."