पोरीचा हात आणि आठ इंची पक्कड

धायरीला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर वायरिंग चालू होतं. आयटीआयला वायरमन ट्रेड केलेली एक पोरगी महिन्याभरापूर्वी माझ्याकडे कामाला लागली होती. हात नेटका, बोर्ड लावला की बघत राहावं असा. त्या दिवशी अकराच्या सुमारास पाहतो तर वायरींना पीळ मारताना ती पक्कड दोन्ही हातांनी दाबतेय.

"काय गं, हात दुखतोय का?"

"नाही दादा, होतंय की."

मी तळवा उघडायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटला होता. करंगळी सरळ करताना ती ओठ चावत होती.

पक्कड मीच घेऊन दिलेली, 8 इंची. माझा पंजा मोठा. उमेदवारीची वर्षं मी 6 इंचीवर काढली, तिच्या दांड्यांची टोकं नेमकी तळव्याच्या मधोमध रुतायची आणि रात्री मूठ वळायची नाही. पोरीला तो त्रास नको म्हणून मोठी घेतली. घेताना तिचा हात मात्र बघितला नाही.

टेप लावला. जबड्यात वायरींचा झुबका धरला की दांड्यांमध्ये जवळजवळ 100 मिमी अंतर पडत होतं. दाबायच्या अवजाराचे दांडे उघडल्यावर 90 मिमीच्या आत असावेत आणि मिटल्यावर त्यांच्यात 50 मिमी तरी राहावं, असं मोजमाप आहे. तिची फक्त बोटांची पेरं दांड्यावर पोचत होती. दिवसभर सगळा जोर त्या पेरांवर.

दुपारी तिला घेऊनच पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. पक्कड दुसऱ्यासाठी आणायची वस्तूच नाही, चपलेसारखी घालून बघावी लागते. काउंटरवर तिनं सात-आठ हाताळल्या. टोकं तळव्याच्या बाहेर निघतात का, दांड्यांवरच्या प्लास्टिकच्या स्लीव्हची शिवण बोटांना लागते का, एका हातानं उघडते का, सांधा आडवा हलतो का. मी पाती मिटवून उजेडात धरली, फट दिसली की बाजूला. लाल-पिवळी स्लीव्ह म्हणजे इन्सुलेशन नव्हे, हेही तिला तिथंच दाखवलं: दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट असं छापलेलं असेल तरच ते. तसला शिक्का असलेली, पातळ स्लीव्हची 7 इंची तिच्या मुठीत बसली.

फोड भरेपर्यंत तिला मार्किंगला, म्हणजे भिंतीवर खुणा करायला लावलं. अर्थिंगची 8 गेजची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली जाड लोखंडी वायर आता आम्ही बोल्ट कटरनंच तोडतो. बाकीची वायर ती पात्याच्या टोकाला न धरता सांध्याजवळ सरकवते, तिथं कमी जोरात तुटते.

आठवड्यानं तिनं सहा बोर्ड एकहाती पिळले. संध्याकाळी जुनी पक्कड पुसून, सांध्यात तेलाचा थेंब सोडून माझ्या पिशवीत ठेवली.

"दादा, ही तुमच्या हाताची आहे."