आंबा घाटात काटा सातशेपार

गाडी होती पहिल्या पिढीतली टाटा सफारी, दोन लिटरची टर्बो डिझेल. 1998 मध्ये बाजारात आली ना, तीच जात. मालक पावसच्या बाजूचे आंबा बागायतदार. रत्नागिरीत माझ्या गॅरेजला आले आणि सरळ म्हणाले, "घाटात ओढत नाही रे. जरा पंप वाढवून दे. आणि मुलगी म्हणते तसे दोन-तीन मीटर बसव."

मी मीटर आधी घेतले. या गाडीचा डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल आहे, स्कॅनर लावून आतलं काही वाचता येत नाही. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, किती हवा देतोय आणि धूर किती तापलाय हे कळल्याशिवाय पंपाच्या स्क्रूला हात लावायचा नाही, हा माझा नियम. डिझेल वाढवलं की ताकद वाढते हे खरं, पण ते जाळायला हवा कमी पडली तर काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. त्याची झळ टर्बोला आणि पिस्टनलाही.

तीन मीटर ठरले: बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, ऑइल प्रेशर आणि ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान. तिन्ही 52 मिलिमीटरचे. समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर लावायचे असं मुलीच्या मनात होतं. मी नको म्हटलं, घाटात उजव्या वळणावर नेमकं तिथूनच बघावं लागतं. डॅशबोर्डच्या मधोमध पट्टी करून बसवले.

बूस्टचं काम सोपं, हवा आत नेणाऱ्या इनटेकच्या नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकायचा. ईजीटीला मात्र घाई चालत नाही. प्रोब, म्हणजे तापमान घेणारी सळई, टर्बोच्या आधी, इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डमध्येच हवी, कारण टर्बोतून बाहेर पडेपर्यंत धूर बराच निवलेला असतो. आणि मॅनिफोल्ड गाडीवर ठेवून भोक पाडलं तर बिडाचा कीस थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी पाती ती, एक कणही पुरतो. म्हणून मॅनिफोल्ड उतरवला, टेबलावर भोक पाडून 1/8 इंची आटे पाडले, हवा मारून आतून बोट फिरवून पाहिलं, मगच चढवला. प्रोबची वायर के-टाइप थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन खास धातूंच्या तारांची. ती लांब पडली तरी कापायची नाही, आखूड पडली तर साधी तांब्याची तार जोडायची नाही, तापमान चुकीचं दिसतं. उरलेली गुंडाळून डॅशबोर्डमागे बांधली.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगने खाल्ला. समुद्राकाठची गाडी, बोल्टखाली हिरवं-पांढरं साचलेलं. अर्थ कच्चा असला की हेडलाइट लावताच मीटरचे काटे हलतात आणि माणूस इंजिनवर संशय घेतो. पत्रा घासून लखलखीत केला, नवीन रिंग टर्मिनल दाबलं, वर ग्रीस, जोडांवर हीट श्रिंक. ऑइलचा दाब मीटरला कळवणाऱ्या सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावली नाही. एकाच वायरचा सेंडर आपला अर्थ आट्यांतून, इंजिनमधूनच घेतो, टेपने तो तुटू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मालक गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे मुलगी मोबाइलवर काट्यांचा व्हिडिओ घेत. हातखंबा, पाली, नाणीज, साखरप्यापर्यंत सगळं शांत. घाट लागला, तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. बूस्ट 0.4 बारवर जाऊन अडकला. ईजीटी 600, 650, 700 अंश. आरशात काळा धूर.

"काका, पाय काढा."

"अजून गरम झाली नाही की, काटा मधेच आहे," ते पाण्याच्या मूळ काट्याकडे बोट दाखवत म्हणाले. तो खरंच जराही हलला नव्हता. पाणी तापायला वेळ लागतो, धूर मात्र काही सेकंदांत तापतो. मुलगी मागून ओरडली, "बाबा, साडेसातशे!" त्यांनी पाय काढला आणि काटा डोळ्यांदेखत खाली आला. अशा डिझेलमध्ये सातशेच्या वर सतत ओढत राहणं मला मान्य नाही.

रुंद जागा बघून बाजूला घेतली. चढावरून आलेलं इंजिन लगेच बंद केलं नाही. टर्बोच्या बेअरिंगला तेलच थंड ठेवतं, ते तिथेच थांबलं की जळून चिकटतं. दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बॉनेट उघडलं. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या कोपराखाली तेलकट काळी रेघ दिसली. बोटाने दाबल्यावर चीर उघडली. उभ्या गाडीत ती मिटलेली राहते, दाब आला की तोंड वासते आणि टर्बोने दाबलेली हवा बाहेर जाते. इतक्या वर्षांचं रबर, त्याचा काय दोष! तिथूनच हळूहळू परत आलो.

नवीन होज आणि रुंद क्लिपा टाकून पुन्हा तोच घाट, तोच गिअर. बूस्ट 0.8 पार. गाडी उचलते म्हणून काका खूश. पण ईजीटी अजूनही सातशेला टेकत होता आणि धूर होताच. हवा पुरेशी मिळूनही इतकं? परत आल्यावर पंप नीट पुसून पाहिला. जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणाऱ्या फुल लोडच्या स्क्रूवरचं सील तुटलेलं, लॉकनटच्या कडा पान्याने खाल्लेल्या. आधी कुणीतरी पंप वाढवून दिलेला होता. गळक्या होजवर डिझेलचा उतारा केला होता त्या हातांनी, आणि काका अजून वाढवायला सांगत होते.

मी स्क्रू होता त्या जागी खूण केली आणि स्क्रू थोडा थोडा मागे घेतला. शेवटच्या फेरीत 620-630 च्या वर काटा गेला नाही, बूस्ट तसाच, धूर नावाला. काकांना विचारलं, ताकद कमी वाटते का? म्हणाले, "उलट हलकी चालते."

एक गोष्ट राहिली. लांब चढानंतर पाण्याचा काटा आता मध्याच्या किंचित वर थांबतो. मेमध्ये पेट्या भरून कोल्हापूर गाठायचं तर रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे त्याच्या नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्यायला हवं. होळी झाली की गाडी आणतो म्हणालेत.