झाकणावर कोण, तळाशी कोण

कात्री आणि डिंक यांना हात न लावता, चौरस कागदाला निव्वळ घड्या घालून जी डबी तयार होते, तिच्या माथ्यावर मूळ कागदाचा जेमतेम आठवा हिस्सा येतो. आणखी चौथा हिस्सा चारी भिंतींवर जातो आणि उरलेला सगळा आत वळतो किंवा घड्यांत दडून बसतो. रंगीत कागदाच्या बाबतीत या हिशेबाचे कोणाला काही वाटत नाही. परंतु त्या कागदावर आपण स्वतः काढलेले छायाचित्र छापलेले असले, की झाकणावर कोणी बसायचे आणि आत कोणी जायचे, हे घडी ठरवू लागते.

ही डबी जपानी घडीकामातली असून तांदूळ मोजण्याच्या तिकडच्या चौकोनी लाकडी मापावरून तिला मसू म्हणतात. झाकण आणि खालचा भाग प्रत्येकी एका चौरसाचा, घड्या मात्र दोन्हींना त्याच. छापील बाजू खाली ठेवून चारही कोपरे मध्यबिंदूवर आणायचे, त्यातून झालेल्या लहान चौरसाच्या कडा मध्यरेषेपर्यंत दुमडून पुन्हा उलगडायच्या आणि मग समोरासमोरचे दोन कोपरे उघडून भिंती उभ्या करायच्या. कोपरे आत वळताच चौरस पंचेचाळीस अंशांनी फिरतो, त्यामुळे आमच्या इंदूरचा राजवाडा कागदावर सरळ छापला तर झाकणावर त्याचे सातही मजले कलंडलेले दिसतात. तो ताठ उभा राहावा असे वाटत असेल, तर छापण्यापूर्वीच संगणकावर चित्र तेवढेच फिरवून घ्यावे लागते.

त्याहून गमतीचा भाग कोपऱ्यांचा आहे. कागदाचे चारही कोपरे डबीच्या आत, तळाच्या मधोमध एकमेकांना भिडतात. दोन्ही चौरसांवर मुंजीचे छायाचित्र घेतले, तर बटू आणि त्याचे आईवडील झाकणावर विराजमान होतात, दोन्हीकडचे काका-मामा भिंतींवर जातात आणि छायाचित्रकाराने कधी पाहिलेच नव्हते ते सारे तळाशी जमते: मांडवाची झालर, ट्यूबलाइट, चपलांचा ढीग आणि नेमका त्याच वेळी कडेने निघालेला, कोणाकडचा आहे हे आजवर न कळलेला एखादा गृहस्थ. पाहुण्याने शेवटचा लाडू उचलला, की या मंडळींचे दर्शन होते. अल्बममध्ये यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते.

असे असले तरी माणसांची छायाचित्रे डबीसाठी घेऊ नयेत, असेच माझे मत आहे. कितीही मोजमाप केले तरी एखादी घडी कोणाच्या तरी कपाळावरून जातेच आणि आजोबांच्या नाकावरून नखाने घडी पक्की करताना हात अडखळतो. दारातली रांगोळी, पैठणीचा काठ, सराफ्यातल्या रात्रीच्या दिव्यांची गर्दी किंवा राजवाड्याच्या वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे ही छायाचित्रे कुठेही दुमडली तरी रुसत नाहीत. शिवाय ती फिकट असावीत. गडद रंगावर घडीची पांढरी रेघ लगेच उठून दिसते.

स्टुडिओतून आलेले चकचकीत छायाचित्र या कामाचे नाही. त्याच्या कागदाला प्लास्टिकचा थर असतो आणि तो घडीवर तडकतो. लेझर प्रिंटरची शाईही खरे तर वितळवून कागदावर बसवलेली भुकटी असल्याने घडीवर तिचे कण सुटतात. इंकजेटची शाई साध्या कागदात मुरते, म्हणून ती बरी. कागद शंभर जीएसएमच्या, म्हणजे दर चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाच्या, आसपासचा पुरतो आणि तो खजुरी बाजारात सहज मिळतो. याच इंदुरात १८६६ पासून बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या आणि पुढे नामवंत छायाचित्रकार झालेल्या लाला दीनदयाळांनी १८७० च्या दशकात छायाचित्रण सुरू केले. त्या काळी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छायाचित्रे छापत आणि तो कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. छायाचित्राला बाक येऊ नये यासाठी त्या पिढीने घेतलेले कष्ट आठवले, की आपण ते हौसेने दुमडत बसतो याचा किंचित संकोच वाटतो.

ए-फोर कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस निघतो आणि त्याची डबी साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद व त्याच्या निम्मी उंच होते. खालच्या भागाचा चौरस चार-पाच मिलिमीटरने लहान घेतला, म्हणजे झाकण अडत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या देण्यासाठी हे माप उत्तम आहे. मात्र आत बटर पेपर घालायलाच हवा, कारण तिळाचे तेल कागदात उतरते आणि छपाईची शाई वडीला लागणेही इष्ट नाही.

वड्या संपल्यानंतर डबीचे काय होते, हा प्रश्न इंदुरात जरा नाजूक आहे. येथे ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा ठेवण्याची शिस्त घराघरांत भिनलेली असल्यामुळे, सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले, की एखाद्या वहिनींना झाकणावरच्या आत्याबाईंना सुक्या कचऱ्यात टाकावे की नाही, याचा निर्णय दारात उभ्या उभ्या घ्यावा लागेल. रांगोळीच्या डबीबाबत हा पेच उद्भवत नाही.